अर्धा चुडा

गोजरबाईने अश्विनीच्या डाव्या हातात शेवटची हिरवी बांगडी चढवली. अश्विनीने उजवा हात पुढे केला, तशी तिने टोपलीवर फडकं टाकलं.

"ह्यो उद्या."

अश्विनी बघतच राहिली. गरोदरपणाचा तिसरा महिना, चोरचोळीचा हिरवा चुडा, आणि कासारीण म्हणते उद्या! मागे उभी असलेली तिची सासू कडूबाई तर तापल्या तव्यावरच्या लाहीसारखी उडाली.

"गोजरे, डोकं ठिकानावर हाय का? पोटुशी बाई एक हात मोकळा घिऊन घरी जाती व्हय?"

"न्हाई जात, म्हनून तर," गोजरबाई म्हणाली. "उद्या हिला सरकारी दवाखान्यात न्या. पोटुशीचं रक्त तपासत्यात, त्यात एड्सचीबी तपासनी असती. तिथनं आली की दुसरा हात भरते."

अगं बाई! भिंगारच्या बाजारात असं आजवर कुणी केलं नव्हतं. अर्धा चुडा भरून उठायचं म्हणजे सोनाराने एकच कान टोचून पोरीला घरी धाडायचं. पण गोजरबाईने तरी काय करावं? एड्सची माहिती देणाऱ्या संस्थेच्या बायकांनी तिला सांगितलं होतं, बांगड्या भरताना बाईचा हात तुझ्या हातात असतो, तेव्हा बोल. ती बोलायची. बायका 'व्हय व्हय' करायच्या, टोपलीला नमस्कार करायच्या, आणि दवाखान्याचं नाव काढायच्या नाहीत. तिची धाकटी बहीणही दवाखान्यातल्या नर्सबाईंना अशीच 'व्हय व्हय' म्हणत राहिली होती. आईला वेळेत गोळ्या मिळाल्या तर बाळाला रोगापासून वाचवता येतं, हे गोजरबाईला कळलं ते बहिणीचं बाळ गेल्यावर.

"आमच्या घरात तसलं काय न्हाई!" कडूबाईचा आवाज चिरकला. "माज्या नातवाला काय झालं ना, तर भिंगारात एक बाई तुज्याम्होरं हात करनार न्हाई. चल गं, घरी ह्यांना औषध द्यायचंय."

कडूबाईचा नवरा बजरंग ट्रकवरचं काम सोडून घरी बसला होता. त्याचा खोकला सगळ्या गल्लीला पाठ झाला होता.

दुसऱ्या दिवशी दुकानाकडे कुणी फिरकलं नाही. बातमीला काय पाय लागतात? दुपार कलली. टांगलेल्या बांगड्यांतून ऊन आत आलं आणि भिंत हिरवी झाली, धरणाच्या पाण्यासारखी. गोजरबाईचा डोळा लागला. त्या पाण्यातून बायका चालत येत होत्या, कुणी ओळखीच्या, कुणी अजून जन्मायच्या. प्रत्येकीचा एक हात किणकिणत होता आणि दुसरा मुका. सगळ्यांच्या मागे बहीण होती, कडेवर बाळ घेतलेली. ती नुसता मुका हात पुढे करून उभी राहिली. गोजरबाईने टोपलीत हात घातला, तर टोपलीत पाणीच.

"मावशी, झोपलात व्हय?"

उंबऱ्यात अश्विनी उभी होती. उजव्या कोपराच्या आत कापसाचा बोळा चिकटवलेला.

"आम्ही नवरा-बायकू दोघंबी गेल्तो. हे म्हनले, तुझं तपासायचं तर माजंबी तपासू." ती हसली. "काय न्हाई निघालं, मावशी."

गोजरबाईला रडूच फुटलं. डोळे पुसत तिने अश्विनीचा उजवा हात ओढून घेतला आणि बांगड्या भरायला लागली.

"सासूनं जाऊ दिलं?"

"रातभर बसून हुत्या. सकाळी त्याच म्हनल्या, असल्या हातानं घरात फिरू नगं, जा एकदाची."

दिवेलागणीला कडूबाई एकटीच आली. गोजरबाईने पदर खोचला. येऊ दे, चार शिव्या खाऊ, पोरीचं तर भलं झालं! पण कडूबाई पाटावर बसली. दोन्ही हातांतल्या जुन्या काचेच्या बांगड्या तिने एकेक करून स्वतःच उतरवल्या, आणि डावा हात पुढे केला.

"भर."

तो हात गार पडला होता. गोजरबाईने तो हळूहळू दाबला, सैल केला, हिरव्या बांगड्या चढवल्या. मग ती उजव्या हाताकडे वळली. कडूबाईने तो मागे घेतला.

"ह्यो उद्या," ती म्हणाली. मग खाली बघत, "दवाखाना सकाळी कवा उघडतो गं? ह्यांनाबी न्यायचंय."

"मीबी येते संगं," गोजरबाई म्हणाली.

कडूबाईने टोपलीला नमस्कार केला आणि उठली. बाजार भरात होता, ओळखीच्या बायका दारादारात उभ्या होत्या. नवरा जिवंत असलेली बाई, आणि मनगट मोकळं. बघणाऱ्या बघत राहिल्या. कडूबाईने तो हात पदराखाली घेतला नाही.