कुंकू लावलेलं पाचवं चाक

साहेब, ते चाक तुम्ही पळवलंत. पाना कुणाच्या हातात होता हे सांगू नका. पाना धरणाऱ्याला पगार मिळतो, हुकूम तुमचा असतो. तुमचं नाव वर्षालीला माहीत नाही, कारण सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर तुम्हाला नावच नाही. तिथं तुम्हाला नुसतं ‘वरून’ म्हणतात. वरून आदेश आहे, वरून पॉलिसी आहे, वरून बंद केलंय. वरून काय काय पडतं ते रस्त्यावर चालणाऱ्या माणसाला कबुतरांमुळे ठाऊक असतं. त्यामुळे तुमच्या ‘वरून’चं कौतुक आम्हाला सांगायचं नाही.

काय पळवलंत ते ऐका.

वर्षाली कुरुळीत राहते. तिचा नवरा निरंजन चाकणला, तुमच्याच कंपनीत, गाड्या जोडायच्या लाइनवर आहे. सासरे मालोजी. जन्मभर टेंपो चालवला, लोकांचा माल वेळेवर पोचवला आणि स्वतःच्या दोन्ही किडन्या घालवून बसले. आता आठवड्यातून तीनदा त्यांना पिंपरीच्या दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनवर झोपवावं लागतं. मशीन मोजकी, माणसं रांगेनं. वेळेत पोचलं नाही की खाट पुढच्याला. त्यात दवाखान्याचा दोष नाही, पुढचाही मरायलाच टेकलेला असतो. आणि एक डायलिसिस चुकलं की अंगातलं पाणी अंगातच राहतं, पाय सुजतात, मग ते पाणी छातीत चढतं. तहान लागली तर मालोजी पाण्याऐवजी तोंडात लवंग धरतात. इतकं ते जपतात.

गाडी घेतली ती यासाठी. मिरवायला नाही. कंपनीच्या माणसाला सवलत मिळते म्हणून निरंजननं तुमचीच घेतली, आणि वर्षाली चालवायला शिकली.

खंडेनवमीला गाडीची पूजा मांडली. मालोजी डायलिसिसच्या सुयांनी फुगलेल्या शिरेचा हात सांभाळत खाली बसले, चारी चाकांना कुंकू लावलं, लिंबं ठेवली, मग उठून मागं आले.

“डिकी उघड. पाचवं ऱ्हायलंय.”

“पाचवं नसतंय आता,” निरंजन म्हणाला.

“नसतंय म्हंजी?”

निरंजननं डिकीतला पुठ्ठा उचलला. खाली फोमचा ठोकळा, त्यात एक बाटली आणि मुठीएवढा हवा भरायचा पंप. तो अगदी कंपनीचा टी-शर्ट घातल्यासारखा बोलायला लागला. टी-शर्ट घातलेलाच होता म्हणा. “नवीन टेक्नॉलॉजी आहे आबा. टायरात हे औषध सोडायचं, भोक आपोआप बुजतं. वजन कमी, ॲव्हरेज जास्त. सरकारी नियमातबी बसतं.”

“नियमात बसू दे. रस्त्यात बसतंय का?”

“बसतंय ओ. लावा त्याला कुंकू, फोटो काढू.”

“बाटलीला कुंकू लावाया माझं काय देशी दारूचं दुकान हाय?” असं म्हणून मालोजींनी कुंकवाची कोयरी मिटली. वर्षाली हसली. निरंजनला राग आला. दिवसभर हाच माणूस लाइनवर ही बाटली डिकीत बसवतो. हात असा बसलाय, की झोपेतसुद्धा बसवील. फक्त ती कधी वापरून बघितलेली नाही. कुणीच नाही. लाइनवर वापरायची वेळ येत नाही आणि कॅन्टीनमध्ये तसला विषय निघत नाही.

ती वेळ मोशीच्या अलीकडं आली. निरंजनला सुट्टी होती, तिघंही दवाखान्यात निघाले होते. पुढच्या ट्रेलरवरून पत्र्याची पट्टी घसरली आणि पुढच्या टायरच्या कुशीत घुसली. गाडी कडेला लागली.

“घाबरू नका,” निरंजन म्हणाला. “आपल्याकडं किट आहे.”

मोठ्या रुबाबात त्यानं बाटली जोडली आणि पंप चालू केला. औषध टायरात गेलं आणि तितक्याच झपाट्यानं चिरेतून बाहेर आलं. खिळ्याचं भोक असतं तर बुजलं असतं. ही चीर बोट जाईल एवढी होती. पांढरं, चिकट पाणी त्याच्या पँटवर, बुटावर आणि कंपनीच्या टी-शर्टवर उडालं. आख्ख्या हायवेला बघायला मिळालं.

शेजारून हळूहळू सरकणाऱ्या ट्रकमधून ड्रायव्हरनं मुंडकं काढलं. “भावा, ताक करतोय का? आमालाबी दे की गिलासभर!”

निरंजननं तुमच्या हेल्पलाइनला फोन लावला. आधी गाणं वाजलं. मग एक बाई गोड आवाजात म्हणाली, “सर, आपण सुरक्षित स्थळी आहात का?” सुरक्षित स्थळी असतो तर तुला कशाला फोन केला असता, हे निरंजन बोलला नाही. वर्षाली बोलली. बाईनं गाणं परत लावलं. उचलून न्यायची गाडी आली तोवर मालोजींची खाट दुसऱ्याला गेली होती. त्या दिवशी त्यांना परत आणलं आणि दुसऱ्या दिवशी कुणाकुणाच्या हातापाया पडून मशीन मिळवलं. मधली रात्र म्हातारा उशीला टेकून बसून होता. आडवं झालं की दम लागायचा.

बरं वाटल्यावर मालोजींनी पहिली गोष्ट विचारली ती अशी :

“निरंजन, त्या फोमच्या खाली गोल खड्डा हाय. चाकाच्या मापाचा. बाटलीला येवढा खड्डा कशाला पाडलाय?”

निरंजन पेपर वाचत होता. वाचतच राहिला.

“तुला इचारतोय.”

“चाकासाठीच आहे,” तो शेवटी म्हणाला. “बाहेरदेशी जाणाऱ्या गाड्यांत तिथं चाकच बसवतो आम्ही. छोटं असतं, बारकं. तेवढ्यापुरतं चालवायला.”

“तू बसवतोस?”

“मीच बसवतो.”

“एकाच लायनीवर?”

“हो.”

वर्षालीनं हातातला चहाचा कप तसाच खाली ठेवला. “म्हणजे गुळगुळीत रस्त्यावर चालणाऱ्यांना चाक, आणि मोशीच्या खड्ड्यातून जाणाऱ्यांना बाटली. आणि ही दोन्ही एकाच माणसाच्या हातून. वा! तुला कधी विचारावंसं नाही वाटलं?”

“कुणाला विचारू? वरून येतं ते.”

साहेब, तुमचं नाव या घरात तेव्हा पहिल्यांदा निघालं.

वर्षाली कुणाची परवानगी मागायला गेली नाही. रहाटणीला इब्राहिमभाईंचं टायरचं दुकान आहे. मालोजींच्या टेंपोची टायरं तिथंच बदलली जायची. ती गाडी घेऊन तिथं गेली. इब्राहिमभाईंनी डिकीत डोकं घातलं आणि हसत बाहेर काढलं.

“बेटा, जागा तर अशी ठेवलीय जशी पाव्हण्यासाठी गादी घातलीय, नि पाव्हण्याला दारातनंच हाकललंय.”

“मिळेल का बसणारं?”

“मिळेल की. बोल्टचं माप जुळलं पाहिजे, बास. पण ऐक, हे चाक म्हणजे कुबडी आहे. ऐंशीच्या वर पळवायचं नाही, नि पहिलं टायरचं दुकान दिसलं की काढायचं. तुझ्या नवऱ्याला सांग, ह्याच्यावर महाबळेश्वरला न्यायचं नाही तुला.”

“तो कुरुळीच्या बाहेर नेत नाही भाई, महाबळेश्वर कुठलं.”

काही दिवसांत चाक आलं. काळ्या लोखंडी तबकडीचं, पिवळा स्टिकर चिकटवलेलं, मोपेडला लावावं तसं बारकं. फोम निघाला, चाक खड्ड्यात बसलं. जसं काही त्याच्याचसाठी खड्डा होता. होताच. शेजारी जॅक आणि पाना ठेवला. वर पुठ्ठा सपाट. घरी आल्यावर मालोजींनी सण नसताना कोयरी मागवली, कुंकू तेलात कालवलं आणि त्या तबकडीवर अंगठ्यानं लांब पट्टा ओढला. “आता गाडी पुरी झाली,” म्हणाले.

वर्षालीनं अंगणात जॅक लावून चाक बदलायचा सराव केला. पहिल्यांदा पान्यावर उभं राहावं लागलं. नंतर जमलं. निरंजन ओट्यावरून बघत होता, मग तोही उतरला आणि गुपचूप शिकला. कंपनीत चाक डिकीत टाकायला शिकवतात, लावायला नाही.

मग फ्री सर्व्हिसिंग आलं. तुमच्या सेंटरवर थंडगार हॉल, काचेचं टेबल, फुकट कॉफी. सर्व्हिस ॲडव्हायझर लक्ष्मणराव, गळ्यात टाय. त्यानं डिकी उघडून बघितली आणि मेलेला उंदीर दिसल्यासारखं तोंड केलं.

“मॅडम, हे अनधिकृत आहे. वॉरंटीला प्रॉब्लेम येईल.”

“गाडीला चाक अनधिकृत?”

“वरून सूचना आहेत.”

“तुम्ही तेलपाणी करा. त्याला हात लावू नका,” वर्षाली म्हणाली. लक्ष्मणराव हसून मान हलवत राहिला. ‘हो’ नाही, ‘नाही’ नाही, नुसती मान. संध्याकाळी गाडी मिळाली, धुतलेली, आरशाला वासाचं पाकीट टांगलेलं. पुठ्ठा सपाट होता. तिनं उचलून बघितला नाही. साहेब, एवढीच तिची चूक. गिऱ्हाइकानं तुमच्यावर विश्वास ठेवला.

पुढं डायलिसिसच्या दिवशी ती आणि मालोजी दोघंच निघाले. निरंजन फर्स्ट शिफ्टला. भोसरी जवळ आली आणि खड्ड्याच्या धारदार काठावर मागचं टायर कापलं गेलं. मालोजी शांत होते. “थांबव. बदलू. वेळ हाय अजून.”

“बदलूच,” वर्षालीनं ओढणी कमरेला बांधली. तिला खरं म्हणजे बरंच वाटत होतं. आज दाखवते, असं. तिनं डिकी उघडली, पुठ्ठा उचलला.

फोम. फोममध्ये नवीकोरी बाटली. बाटलीवर चिठ्ठी, ‘आपल्या सुरक्षेसाठी’.

मालोजींनी खिडकीतून विचारलं, “पाना सापडंना का?”

“आबा, चाक नाही.”

“कुनी काढलं?”

तिनं पुठ्ठा आपटला, दरवाजे तसेच उघडे टाकले आणि रस्त्यात आडवी उभी राहून रिक्षा अडवली. रिक्षावाल्यानं म्हाताऱ्याचा चेहरा बघितला आणि भाडं विचारायच्या आत निघाला. पण भोसरीची गर्दी रिक्षावाल्याच्या हातात नव्हती. ते पोचले तेव्हा खाटेवर दुसऱ्या कुणाची तरी आई झोपली होती. मालोजी बाकावर बसले. आधी लवंग चघळली, मग लवंग थुंकली, मग श्वास ओढायला लागले. शेवटी त्यांना तातडीच्या वॉर्डात घेतलं, तोंडावर ऑक्सिजन लावला. जगले. पण मुखवट्याच्या आतून ते वर्षालीला काहीतरी सांगत होते आणि तिला ऐकू येत नव्हतं. तो सगळा वेळ ती विसरलेली नाही. तुम्ही तेव्हा मीटिंगमध्ये असाल.

मालोजी घरी आल्यावर वर्षाली निरंजनला घेऊन सर्व्हिस सेंटरवर गेली. आज त्यानं कंपनीचा टी-शर्ट घातला नव्हता. तिनं बाटली काचेच्या टेबलावर आपटली.

“माझं चाक.”

“मॅडम, आधी बसा. कॉफी?” लक्ष्मणराव.

“कॉफी तुमच्या बाटलीत भरा. चाक कुठंय?”

“अनधिकृत वस्तू काढून गाडी मूळ स्थितीत आणायची, असा आदेश आहे. वरून. चाक स्टोअरमध्ये सुरक्षित आहे. मागवतो.”

मागवायला माणूस गेला, तो येईना. लक्ष्मणराव स्वतः गेला, तोही येईना. निरंजन दारापाशी उभा राहून बाहेरच्या अंगणात बघत होता. एकाएकी त्यानं हाक मारली, “वर्षाली, इकडं ये.”

अंगणात तुमच्या सेंटरची, त्याच मॉडेलची गाडी उभी होती. गिऱ्हाइकांना घरून आणायची-सोडायची, दारावर कंपनीचं नाव, चकाचक. मागचं डावं चाक बारकं होतं. काळी तबकडी, पिवळा स्टिकर. चिखलातून तेलकट कुंकवाचा पट्टा अजून दिसत होता.

निरंजन खाली बसला, त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. मग उठून त्या गाडीची डिकी उघडली. आत फोम, फोमात बाटली. सीलसुद्धा तोडलेलं नव्हतं.

लक्ष्मणराव मागून धावत आला. “ते काय झालं, आमच्या गाडीच्या टायरला परवा कट लागला, कस्टमर आत होते, अर्जंट होतं, म्हणून तात्पुरतं…”

“बाटली होती की तुमच्याकडं,” वर्षाली म्हणाली.

लक्ष्मणरावनं टायची गाठ सैल केली. “मॅडम, कटला ती चालत नाही.”

“कुणी सांगितलं?”

“आम्हाला… माहीत असतं ते.”

निरंजन हसला. तसं हसताना वर्षालीनं त्याला आधी कधी बघितलं नव्हतं. त्यानं सेंटरचाच जॅक आणि पाना उचलला, कुणाला न विचारता लावला, आपलं चाक उतरवलं आणि काखेत मारलं. तुमची गाडी तीन चाकांवर आणि एका जॅकवर उभी राहिली, कंपनीचं नाव वर करून. कुणी त्याला अडवलं नाही.

वर्षाली मात्र गेली नाही. ती परत आत आली आणि सोफ्यावर बसली. लक्ष्मणराव म्हणाला, चाक मिळालं ना मॅडम, आता काय? ती म्हणाली, चाक मिळालं, उत्तर नाही मिळालं. वर फोन लावा. त्यानं लावला. वरून सांगितलं, साहेब बिझी आहेत, लेखी कळवा.

म्हणून हे लेखी. तुमच्या माणसांना माहीत होतं की कापलेल्या टायरला बाटली चालत नाही. तुमचं गिऱ्हाईक गाडीत होतं तेव्हा तुम्ही बाटलीचं सील तोडलं नाही, मालोजींचं चाक लावलंत. त्याच चाकाच्या जागी भोसरीत, मालोजी गाडीत असताना, बाटली होती. साहेब, वर्षाली अजून त्या सोफ्यावर बसलीय. मालोजी घरी उशीला टेकून वाट बघतायत. तुमच्या गाडीला चाक लागतं आणि आमच्या म्हाताऱ्याला बाटली पुरते, हे तुम्ही कोणत्या तोंडानं ठरवलंत? खाली या आणि सांगा.