सुतकातलं पाणी

बाबा गेले त्या दिवशी, स्मशानातून माणसं परतायच्या आत, पार्बताबाईंनी घरातलं सगळं पाणी ओतून दिलं. त्या बाबांच्या थोरल्या बहीण, वलगावला राहतात. माठ, पिंप, न्हाणीतल्या बादल्या, देवाजवळचा तांब्या. घरात माणूस गेलं की साठवलेलं पाणी ठेवायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. पिंप अंगणात पालथं घातल्यावर त्या बैठकीत आल्या आणि बाबांच्या काचेच्या टाकीसमोर उभ्या राहिल्या.

“हे पन घरातलंच पानी हाय ना वं, वर्षे?”

मी हो म्हणाले. नाही कसं म्हणणार?

ती टाकी बाबांनी दोन वर्षांपूर्वी मांडली. डायलिसिस सुरू झालं, वलगावची भाजीची वाडी माझ्या भावानं, शेखरनं, हाती घेतली आणि आईबाबा अमरावतीत राहायला आले. बाबांच्या हातांना काम उरलं नाही. मग कुठल्याशा दुकानात त्यांनी पाण्यात वाढणारी झाडं पाहिली. दुकानदारानं विकतची माती घ्या म्हटलं, तर त्याला म्हणाले, मातीचं मले नको सांगू. वाडीतली काळी माती आणली, चार वेळा भिजवली, वाळवली, आईच्या पिठाच्या चाळणीनं चाळली. वर दोन बोटं जाड रेती. तरीही पाणी बावीस दिवस गढूळ होतं आणि ते बावीस दिवस त्यांनी दुकानदाराला तोंड दाखवलं नाही.

मागच्या बाजूला कांद्याच्या पातीसारखी उंच पानं, मधे लाकडाला दोऱ्यानं बांधलेली रुंद पानांची झाडं, पुढं नुकत्या उगवलेल्या सांबारासारखं, कोथिंबिरीसारखं, बुटकं हिरवं. एकाची सावली दुसऱ्यावर पडू नये म्हणून त्यांनी तीनदा सगळं उपटून पुन्हा लावलं. डावीकडून निघून मागं अरुंद होत जाणारी एक रेतीची पट्टी मोकळी सोडली. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभं राहून वावर पाहिल्यासारखं दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मासे सहा महिने नव्हतेच. नुसतं गवत काय पाहाचं, असं आईनं म्हटल्यावर अठरा आणले, बोटाच्या पेराएवढे, लाल शेपटीचे. ते मासे मग आईचेच झाले.

बाबा गेल्यापासून आई बोलत नव्हती, रडत नव्हती. चहापलीकडे तिच्या पोटात काही जात नव्हतं. फक्त सकाळी आणि दिवे लागायच्या वेळेला उठायची, टाकीशी जायची, चिमटीनं खाणं टाकायची आणि मासे वर येऊन खाईपर्यंत उभी राहायची. तिला उठायला तेवढं एकच कारण राहिलं होतं. ते पार्बताबाईंच्या बादलीत जाऊ द्यायचं नाही, एवढंच मी ठरवलं.

भांडून त्या ऐकणाऱ्या नव्हत्या. म्हणून मी रीत धरूनच बोलले. म्हणाले, आत्याबाई, एकदम ओतलं तर जीव मरतील आणि सुतकात ते पाप कोण घेईल? मी रोज तिसरा हिस्सा काढते, नवीन भरते. दहाव्या दिवसापर्यंत जुनं पाणी राहणार नाही. त्यांनी बराच विचार केला आणि मान्य केलं. अशा रीतीनं जुनं पाणी पुरतं कधीच जात नसतं, दरवेळी थोडं मागं राहतंच, हे मी त्यांना सांगितलं नाही. अकोल्याच्या कॉलेजात मी गणित शिकवते. त्या हिशेबाचं मला तेव्हा बरंही वाटलं.

रोज सकाळी त्या विचारायच्या, “आजचं काढलं का?” पहिले दोन दिवस शेखरनं वाडीच्या विहिरीचं पाणी कॅनमधून आणलं. तिसऱ्या दिवशी तो अस्थी घेऊन कौंडण्यपूरला गेला. त्याच सकाळी नळ आला. पार्बताबाई दारात उभ्या होत्या. मी टाकीतलं पाणी काढलं, नळाला नळी लावली आणि दुसरं टोक टाकीत सोडलं. रेती उडू नये म्हणून खाली बशी ठेवली. बाबा तशीच ठेवायचे.

दुपारी बैठकीत गेले तेव्हा मासे पाण्याच्या तोंडाशी येऊन धापा टाकत होते. काही आडवे झाले होते. मला त्याच क्षणी कळलं. नळाच्या पाण्यात औषध असतं. बाबा नळाचं पाणी एक दिवस पिंपात उघडं ठेवायचे आणि मगच टाकीत घालायचे. मागच्या दिवाळीत त्यांनी मला पिंपाशी नेऊन पाण्याचा वास घ्यायला लावला होता, आधीचा आणि नंतरचा.

पिंप अंगणात पालथं होतं. घरात शिळं पाणी थेंबभर नव्हतं. शेजारच्या रागिणीकडे बादली घेऊन धावले. तिनं काही न विचारता माठ रिकामा केला. तोवर अकरा गेले होते. दिवे लागायच्या वेळेला एकही उरला नाही.

आई तेव्हा उठून आलीच. चिमटीत खाणं होतं. जाळीनं काढलेले मासे मी ताटलीत ठेवले होते आणि ताटली झाकायचं राहून गेलं होतं. तिनं ताटलीकडे पाहिलं आणि चिमटीतलं खाणं पुन्हा डबीत टाकलं.

पार्बताबाईंनी तिला जवळ बसवलं. खऱ्या मायेनं म्हणाल्या, “घरावरचं अजून काही बाकी होतं, माणिके. ते मासोळ्याईनं अंगावर घेतलं. मुके जीव घेतात.” शेखर कौंडण्यपूरहून परतला होता, त्यानंही मान हलवली. सगळ्यांना ते पटलं. मी नळाचं नाव काढलं नाही. ते तसंच मानलं जावं असं मला वाटत होतं.

सगळे आत गेल्यावर आई बोलली. तीन दिवसांत पहिल्यांदा, आणि आवाज अगदी रोजचा.

“सकाळी मी इथंच बसून होती. तू नळी लावून राह्यली होती.”

मी तिच्याकडे पाहिलं.

“मले वाटलं, सरळ नळाचं कसं टाकून राह्यली ही? मंग म्हटलं, येवढी शिकेल पोरगी, तिले मालूम असन.”

“मालूम होतं, आई. बाबांनी दाखवलं होतं.”

तिनं मान डोलावली. रागावली असती तर बरं झालं असतं.

झाडांना काहीच झालं नव्हतं. त्यांना नळाचं पाणी चालतं. मी रोज तिसरा हिस्सा काढत राहिले, पार्बताबाई विचारत राहिल्या, आणि दहाव्या दिवशी त्यांनी टाकी शुद्ध झाली म्हणून हळदकुंकू लावलं. मागची पानं पाण्याच्या वर येऊन आडवी पसरली होती. ती कापायला हवी होती. कोणी कापली नाहीत.

आई सकाळी उठेनाशी झाली. मी चहा नेला की जागी असायची, छताकडे बघत. तेरवीच्या दिवशी मी तिच्या पायाशी बसले आणि माझ्यासोबत अकोल्याला चल म्हणाले. घर मोठं आहे, गच्ची आहे, कॉलेज दुपारी सुटतं, असं बरंच काही सांगितलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं.

“तिथं उठून काय करू वं मी?” ती म्हणाली.