प्लॅस्टिकमधली तीन वर्षं

मित्रांनो, मी एक जुना मिक्सर आहे. घरातल्या ओट्यावरचा नव्हे, बेकरीतला. माझी उंची माणसाच्या छातीएवढी आहे आणि माझ्या पोटात एका वेळी अर्धं पोतं पीठ मावतं. जुना म्हणालो खरा, पण आजवर माझ्या हातून एका पावाचंही पीठ मळलं गेलेलं नाही. धक्का बसला ना? मला तो तीन वर्षं रोज बसत होता.

कारखान्यात मी तयार झालो तेव्हा तिथल्या कारागिराने मला दहा मिनिटं रिकामंच फिरवलं. "गुणाचा आहे," म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली, प्लॅस्टिक गुंडाळलं आणि मला ट्रकमध्ये चढवलं. मी निघालो होतो एका लहानशा गावाला. तिथली साबणाची फॅक्टरी बंद पडली होती. गावातल्यांना गावातच काम मिळावं म्हणून सरकारने गावाबाहेर गाळे बांधले होते. धंदा सुरू करणाऱ्याला गाळा आणि यंत्र मिळणार होतं. बेकरीचा गाळा मिळाला मावशींना. मावशी त्या फॅक्टरीत साबणाच्या वड्या कापायच्या. त्यांनी आपली सून आणि फॅक्टरीतल्याच पाच मैत्रिणी, अशा सहा जणींना कामावर घेतलं.

मी उतरलो त्या दिवशी माझं केवढं कौतुक झालं! सरकारी साहेबांनी फीत कापली, फोटो निघाले, मावशींनी कागदावर सही केली. साहेबांची गाडी गेली आणि मी वाट पाहू लागलो. आता प्लॅस्टिक निघेल, आता पीठ पडेल.

तेवढ्यात माझ्या डोळ्यांदेखत सहा जणींनी पराती घेतल्या आणि हातांनी पीठ मळायला सुरुवात केली. मी हबकलोच.

सुनेलाही राहवलं नाही. "अहो आई, एवढं मशीन आलंय, मग आपण का मळतोय?"

"कागद वाचलास ना?" मावशी म्हणाल्या. "दोनच अटी आहेत. तीन वर्षं मशीन चांगल्या स्थितीत पाहिजे आणि सहा जणी कामावर पाहिजेत. चालवलं की ते झिजणार. आणि चालवलं की दोघींतच काम उरकणार. मग बाकीच्या चौघींना काय सांगू, घरी बसा म्हणून? बंद ठेवलं की दोन्ही अटी पाळल्या! तीन वर्षांनी मशीन आपलं, गाळाही आपला. मग फिरव हवं तेवढं."

सगळ्या जणींना ते पटलं. मी काही सांगितलं असतं, तरी माझं ऐकलं कोणी असतं?

मित्रांनो, माझी काळजी घेण्यात त्यांनी काहीच कमी केलं नाही. रोज सकाळी फडकं फिरायचं. मला कोणी टेकून उभंसुद्धा राहत नसे. सुनेची मनगटं सुजली, ती चिंधी बांधून मळत राहिली, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर मी ठोंब्यासारखा उभा. एकदा शेजारच्या गावातल्या दवाखान्याने रोज तीनशे पाव मागितले. हातांनी एवढं होण्यासारखं नव्हतं. मावशींनी नाही म्हणून कळवलं. अहो, मी होतो ना! पीठ मी मळलं असतं, आणि तीनशे पाव वळायला-भाजायला सहाच्या आठ जणी लागल्या असत्या.

इकडे भट्टीची वाफ प्लॅस्टिकमध्ये शिरत होती आणि आत थेंब साचत होते. ते बाहेरून कोणालाच दिसले नाहीत.

तिसरं वर्ष संपताना सरकारकडून पाहणीला एक मॅडम आल्या. मावशींनी मोठ्या तोऱ्यात माझं प्लॅस्टिक काढलं.

"छान. चालू करून दाखवा," मॅडम म्हणाल्या.

बटण दाबलं. मी सगळा जीव एकवटला. पण मोटर नुसती गुरगुरली, जळका वास आला आणि धूर निघाला. सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक पडले.

"मॅडम, एक ओरखडा नाही हो त्याच्यावर," मावशी म्हणाल्या. "हात फिरवून बघा ना!"

"ओरखड्याचं कोण विचारतंय, मावशी? ते चालत नाही."

"सहा जणी तर आहेत की कामावर!"

"आहेत, दिसतायत. पण दोन्ही अटी लागतात."

"आम्ही दुरुस्त करून घेतो," सून म्हणाली.

मॅडमनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "तसा रकानाच नाही इथे," त्या हळूच म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटलं असावं. तरी त्यांनी लिहिलं: यंत्र परत घ्यावं, गाळा महिनाअखेर रिकामा करावा.

मला सरकारी गोदामात आणलं. तिथे एका मिस्त्रींनी मला उघडलं. गंज खरवडला, कुजलेला पट्टा बदलला, तेल घातलं. अर्ध्या तासात मी फिरू लागलो. अर्ध्या तासात! तोवर गाळ्याला दुसऱ्याचं कुलूप लागलं होतं आणि सहा जणी सहा दिशांना काम शोधत होत्या.

मित्रांनो, वस्तूंना जपा, पण वापरून जपा. खराब होईल म्हणून काही झाकून ठेवलं असेल, तर आजच उघडा. आणि उद्या तुम्ही मोठे झालात, तुमच्या हातात असा फॉर्म आला, तर सही करण्याआधी एकदा मिस्त्रींना बोलवा.