वर्षभराची सही

देश सोडायचं परमिट मोबाईलवर आलं तेव्हा नंदिनी भांडी घासत होती. हात पुसून तिने ते दोनदा वाचलं. एकवीस तारखेच्या आत भारत सोडायचा होता. त्या दिवशी सात तारीख होती.

नंदिनी श्रीलंकेची, कुरुणेगलजवळच्या एका खेड्यातली. मस्कतच्या एका इस्पितळात ती कपडे धुण्याच्या कामावर होती आणि रविंद्र तिथे एसी दुरुस्त करायचा. दोघांचं तिथेच जमलं. लग्न करून तो तिला नागपूरला, इंदोऱ्यातल्या आपल्या घरी घेऊन आला, तेव्हा वस्ती बघायला लोटली होती. ‘सिलोनवाली सून’ हे नाव पहिल्याच आठवड्यात पडलं. विहारात वंदनेला तिला मुद्दाम पुढे बसवायचे. तिचे पाली उच्चार ऐकून म्हातारी माणसं डोळे पुसायची. मराठी तिला सासूने, सिंधूताईने शिकवली. त्यामुळे ती बोलायची ते थेट नागपुरी, आणि भाजीवाल्याला ती कधी परकी वाटली नाही. वर्षातून एकदा मात्र, व्हिसाची मुदत संपत आली की, ती परकी व्हायची. मग रविंद्रने एक पत्र सही करून द्यायचं: ही माझी बायको, माझ्या घरी राहते, हिची जबाबदारी माझी. त्या पत्रावर पुढचं एक वर्ष मिळायचं. अशी चौदा वर्षं झाली.

गेल्या दिवाळीनंतर रविंद्र दुकानातच छातीत कळ येऊन गेला. मूलबाळ नव्हतं. व्हिसाची मुदत संपायला चार महिने उरले होते.

व्हिसाच्या कचेरीत तिला सांगितलं, नवरा गेला तरी मुदतवाढीचा अर्ज करता येईल, पण घरच्या कोणीतरी हमीपत्र द्यायला हवं. घरचं म्हणजे सासू आणि धाकटा दीर पियुष. पियुष उमरेडला, खाणीच्या ऑफिसात क्लार्क होता.

"वहिनी, मी देलं असतं," पियुष म्हणाला. "पण नोकरीचा मामला आहे माहा. परदेशी माणसाची हमी म्हणजे उद्या काही झालं तर पोलिस पहिले माह्या दारात. तुम्ही समजून घ्या."

"काय होईन भाऊजी? चौदा वर्षांत काय झालं?"

"तेव्हा दादा होता ना."

सिंधूताई तिथेच खाटेवर होती. दोन वर्षांपूर्वी तिचा खुबा मोडला, तेव्हापासून तिला उठवणं, बसवणं, आंघोळ, संडासचं भांडं, सगळं नंदिनीच करत होती. नंदिनीने तिच्याकडे पाहिलं. सिंधूताईने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"पियुष म्हणते तसं करा. मले काय समजते कागदातलं?"

समोर राहणारी प्रयागबाई मात्र चिडली. ती भिवापूरकडची, कुणब्याघरची. "मी देते सही," ती म्हणाली. "अंगठा चालत असन तर अंगठा देते." आणि खरंच ती नंदिनीबरोबर कचेरीत गेली, आधार कार्ड घेऊन. शेजारणीची हमी चालत नव्हती. परत येताना ऑटोत ती सगळ्या दुनियेला शिव्या देत होती आणि ऑटोवाला आरशातून बघत होता.

मग नंदिनीने देश सोडायच्या परवानगीचा अर्ज केला. हमी मिळत नाही म्हटल्यावर तेवढंच उरलं होतं.

विहारात तिचा निरोपसमारंभ झाला. अध्यक्षांनी शाल दिली, सन्मानपत्र दिलं आणि भाषणात म्हणाले की नंदिनीताई म्हणजे दोन देशांना जोडणारा धागा. तिथे दोनशे माणसं होती. तिला का जावं लागतंय, हे एकानेही विचारलं नाही. फोटो काढले, खीर वाटली. घरी येऊन तिने शाल प्रयागबाईला दिली.

सिंधूताईला पियुष आधीच, पाच तारखेला उमरेडला घेऊन गेला होता. जाताना त्याची बायको हर्षा घरभर फिरली. "ताई, हा फ्रिज तुम्ही काही विमानात नेणार नाही," ती हसत म्हणाली. फ्रिज गेला, मिक्सर गेला, कपाट गेलं. नंदिनीने स्वतः वायरी गुंडाळून दिल्या. तिला राग येत नव्हता. रविंद्रचं घर होतं, त्याच्या भावाकडे जात होतं. रविंद्र असता तर ही वेळ आली नसती, एवढंच तिच्या मनात यायचं, आणि तेवढ्या एका वाक्याच्या आधाराने ती दिवस ढकलत होती.

अकरा तारखेला तिने रविंद्रच्या दुकानातून आणलेले खोके उघडले. भंगारवाला दुपारी येणार होता. तांब्याच्या नळ्या, जुने रिमोट, गॅसची रिकामी नळकांडी. तिसऱ्या खोक्यात बिलांच्या चोपड्यांखाली एक प्लास्टिकची फाइल निघाली. वर तिचाच फोटो होता.

ती फाइल तिला ओळखीची होती. भारतीय नागरिकत्वाचा अर्ज. सात वर्षं राहून झाल्यावर तिने आणि रविंद्रने एका वकिलाकडे बसून तो भरला होता. सह्या केल्या त्या दिवशी त्याने तिला सीताबर्डीवर साडी घेऊन दिली होती. पुढे ती विचारायची, "काय झालं गा अर्जाचं?" तो म्हणायचा, "फाइल दिल्लीले गेली. टाइम लागते. काहून घाई करून राहिली?"

फाइलमध्ये अर्जाची पोच होती. तिच्यामागे दोन पत्रं, दोन्ही दुकानाच्या पत्त्यावर आलेली, दोन्ही फोडलेली. पती-पत्नी दोघांनी मूळ कागदपत्रांसह चौकशीसाठी हजर राहावे. पहिलं सहा वर्षांपूर्वीचं, दुसरं त्यानंतर पाच महिन्यांनी आलेलं. तिसऱ्या कागदावर लिहिलं होतं की अर्जदार हजर न राहिल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे.

भंगारवाला आला, खोके घेऊन गेला. नंदिनी फाइल मांडीवर घेऊन बसून राहिली. तिला एक जुनी गोष्ट आठवली. एका वर्षी भावाच्या लग्नाला गावी जायचं म्हणून तिने हट्ट धरला होता. रविंद्र ‘जाऊ नको’ म्हणाला नाही. फक्त व्हिसाच्या पत्रावर सही करायला तो रोज विसरत राहिला, आणि वाढ न घेता गेली असती तर तिला परत येता आलं नसतं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी त्याने सही केली आणि म्हणाला, "बघ, झालं ना काम." तोवर लग्न होऊन गेलं होतं. तेव्हा तिला तो विसराळू वाटला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती उमरेडला गेली.

हर्षा कामाच्या गडबडीत होती. "बरं झालं आल्या," म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. सिंधूताई मागच्या खोलीत होती. खोलीला वास येत होता. नंदिनीने तिला कुशीवर वळवलं. कंबरेच्या खाली कातडी लाल होऊन फुटली होती. सात दिवसांत. तिने कोमट पाणी मागितलं, जखम पुसली, चादर बदलली आणि मग खाली बसून फाइल उघडली.

"आई, हे तुम्हाले माहीत होतं?"

सिंधूताईने चष्मा मागितला नाही. फाइलचा रंग पाहूनच तिला समजलं.

"तो भेत होता वं," ती म्हणाली.

"कशाले भेत होता?"

"तू निघून जाशील म्हणून. लेकरू झालं नाही. बाई दूरची. तो म्हणे, आई, हिले पक्का कागद भेटला तर ही माही काहून ऐकन? वर्षावर्षाचं राहू दे."

"अन् तुम्ही काय म्हटलं?"

सिंधूताई चादरीची सुरकुती सारखी करू लागली.

"आई, मी विचारून राहिली. तुम्ही काय म्हटलं?"

"मी म्हटलं, राहू दे," सिंधूताई म्हणाली. "मलेही वाटे, तू गेली तर माहं कोण करन?"

नंदिनीला वाटलं होतं की उत्तर ऐकून आपण ओरडू. तसं काही झालं नाही. चार महिने ती ज्या माणसासाठी रडली होती, तो त्या खोलीत एकदम लहान झाला, एवढंच. ज्या हातांनी ती त्याच्या फोटोला रोज पाकळ्या वाहत होती, त्या हातांची तिला लाज वाटली. तिने म्हातारीला पाणी पाजलं, दर दोन तासांनी कूस बदलायची हे हर्षाला समजावलं आणि बाराच्या एसटीने परत आली.

सोळा तारखेला दारात गाडी थांबली. पियुष उतरला, हर्षा उतरली, आणि मागच्या सीटवर उशा लावून सिंधूताई. पियुषने आत येऊन खिशातून एक घडी केलेला कागद काढला. हमीपत्र होतं. सही केलेली होती, साक्षीदारही झाले होते.

"मी विचारून आलो कचेरीत," तो म्हणाला. "एक्झिट परमिट रद्द करता येते. एका वर्षाची वाढ भेटन."

"तुमच्या नोकरीचं काय भाऊजी?"

हर्षाच मध्ये बोलली, "ताई, खरं सांगते, माह्यानं नाही होत. पोरांची शाळा, स्वयंपाक, अन् आई तर मले हातच लावू देत नाही. नंदिनी, नंदिनी करते दिवसभर. तुमच्यासारखं कोणाले जमते?"

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी पुन्हा देईन ना सही," पियुष उत्साहाने म्हणाला. "दर वर्षी देईन. तुम्ही फक्त आईजवळ राहा. वर्ष वर्ष वाढवून घेऊ."

नंदिनीने कागद हातात घेतला. त्यावर लिहिलं होतं, ही माझी वहिनी, हिची जबाबदारी माझी. तीन महिन्यांपूर्वी या एका कागदासाठी ती त्याच्या पाया पडली असती. तिने तो पुन्हा घडी करून त्याच्या हातात दिला.

"तिकीट काढलं आहे भाऊजी. वीस तारखेचं."

"अहो, तिकीट कॅन्सल होते!"

"माहीत आहे."

पियुषला आधी समजलंच नाही. मग त्याचा चेहरा लाल झाला. "म्हणजे आमच्या आईले अशी सोडून जाल? एवढी वर्षं आमचं खाल्लं..." हर्षाने त्याचा दंड धरला. तो बाहेर गेला. गाडीच्या खिडकीतून सिंधूताई हात हलवून बोलावत होती. नंदिनी तिच्याजवळ गेली.

"मी चुकली वं," सिंधूताई म्हणाली. "पण तू तर चांगली आहे. तू काहून अशी करून राहिली?"

नंदिनीने तिच्या डोक्याखालची उशी सारखी केली. "जयभीम, आई," ती म्हणाली आणि घरात गेली. गाडी बराच वेळ दारातच उभी होती. मग निघून गेल्याचा आवाज आला.

वीस तारखेला सकाळी प्रयागबाई स्टेशनवर आली. तिने भिवापुरी तिखटाची पिशवी नंदिनीच्या बॅगेत कोंबली. तिकडे विमानतळावर अडवतील, नंदिनी म्हणाली. "अडवू दे," प्रयागबाई म्हणाली. "त्याईलेही खोकला येऊ दे." दोघी हसल्या, आणि चेन्नईची गाडी सुटली.

हिंगणघाटला हर्षाचा फोन आला. बीपीची गोळी सकाळची कोणती, रात्रीची कोणती? नंदिनीने सांगितलं. चंद्रपूरच्या आधी पुन्हा आला. मलम कोणतं? तेही सांगितलं. तिसऱ्यांदा फोनवर सिंधूताई होती, नुसती रडत होती. नंदिनीने तिला रडू दिलं, मग फोन बंद केला.

चेन्नईच्या विमानतळावर अधिकाऱ्याने परमिट पाहिलं, पासपोर्टवर शिक्का मारला. त्याला एक मिनिटही लागलं नाही.

आता ती कुरुणेगलच्या एका वृद्धाश्रमात कामाला आहे. तेच काम, उठवायचं, बसवायचं, पुसायचं. महिन्याच्या शेवटी पगार मिळतो आणि रविवारी सुट्टी असते. पुढच्या उन्हाळ्यात प्रयागबाईचा फोन आला, सिंधूताई गेली. नंदिनी तेव्हा ड्युटीवर होती. तिने कधी, कशी, एवढं विचारलं, "बरं" म्हटलं आणि आतल्या एका म्हातारीला भरवायला गेली. संध्याकाळपर्यंत ती वाट पाहत होती, आता रडू येईल, मग येईल. आलं नाही. त्या माणसांनी आपल्याकडून हे रडूही काढून घेतलं, याचं मात्र तिला फार वाईट वाटलं.