मल्लव्वाच्या शेजारी

संगप्पा दुकानात पडला तेव्हा शहात्तर सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. मंगळवार पेठेत त्याचं सुतळी-दोरखंडाचं दुकान होतं आणि दुकानामागच्याच दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको मल्लव्वा राहत. त्याचं वय बासष्ट. वरच्या फळीवरचं दोराचं वेटोळं काढायला तो स्टुलावर चढला, स्टूल कललं आणि तो उजव्या कुशीवर फरशीवर आदळला. उठायला गेला तर पाय उचलेना. पंजा बाहेरच्या बाजूला वळून पडला होता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून सांगितलं, की खुब्याच्या हाडाची मान मोडली आहे आणि या वयात ती जुळायची नाही. पूर्वी अशी माणसं अंथरुणाला खिळायची. आता वरचा गोळा काढून तिथं पोलादी गोळा बसवता येतो. पण तो मुंबईहून आणावा लागेल, आणि तोवर पायाला वजन बांधून पडून राहावं लागेल.

एकुलती एक मुलगी काशम्मा दुधनीला दिली होती. तिचा नवरा ईश्वरप्पा आडतीचं काम टाकून आला, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मुंबईला गेला आणि सहाव्या दिवशी तो पोलादी गोळा घेऊन परतला. रक्तही त्यानंच दिलं. ते सहा दिवस संगप्पा पाठीवर पडून होता. पायाला दोरी, दोरीला खाटेच्या टोकाशी वजन लोंबतंय. तो त्या दोरीकडं बघायचा आणि ईश्वरप्पा आल्यावर म्हणाला, "लई हलका माल हाय हा. दुकानातनं चांगली आणून दे ह्यास्नी." दुखण्यात तो एवढंच काय ते हसण्यासारखं बोलला.

ऑपरेशनच्या सकाळी एक अडचण उभी राहिली. नर्सनं सांगितलं, गळ्यातलं लिंग काढून ठेवा. संगप्पा लिंगायत, त्याच्या गळ्यात ते लहानपणापासून होतं. अंगावेगळं कधी झालं नव्हतं, आणि जिवंतपणी व्हायचं नसतं. तो ते मुठीत घट्ट धरून पडून राहिला. तेव्हा मल्लव्वा, जी तोवर डॉक्टरांसमोर पदर सारखा करत दाराशी उभी असायची, ती पुढं झाली. गळ्यात अडचण होत असेल तर मनगटाला बांधू का, असं तिनं विचारलं. डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडं बघितलं आणि मान डोलावली. तिनं उकळून आणलेल्या फडक्यात ते लिंग गुंडाळलं, डाव्या मनगटाला बांधलं आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

ऑपरेशन नीट झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही आणि जमिनीवर तर मुळीच बसायचं नाही. पाय आत वळला, फार दुमडला, तर गोळा खोबणीतून निसटेल. मल्लव्वाला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं ते तिन्ही नियम डॉक्टरांना कानडीत पुन्हा म्हणून दाखवले आणि मग मराठीत.

घरी आल्यावर तिनं घर बदलून टाकलं. खाटेच्या चारी पायांखाली विटा दिल्या. सुताराकडून मधोमध भोक पाडलेली खुर्ची करून घेतली, ती मोरीत ठेवली. दुकानातली गादी, जिच्यावर संगप्पा चाळीस वर्षं मांडी घालून बसत आला होता, ती गुंडाळून माळ्यावर टाकली आणि तिथं उंच खुर्ची आली. संगप्पाला सगळ्यात जड गेली ती पूजा. लिंग डाव्या तळहातावर घेऊन डोळे मिटून बसायचं, ते खुर्चीवर, पाय खाली सोडून. कचेरीत बसल्यासारखं वाटतंय, म्हणायचा.

मल्लव्वा काही गोड बोलणारी बाई नव्हती. सकाळी सहाला ती कुबड्या घेऊन खाटेजवळ उभी राहायची आणि म्हणायची, "एळ्री." उठा. तो दुखतंय म्हणाला तर ती तशीच उभी. पहिल्या आठवड्यात खाटेपासून दारापर्यंत, मग मागच्या अंगणापर्यंत, मग गल्लीत. बायका बघतात म्हणून तो लाजायचा. ती त्याच्या डाव्या अंगाला, हात न धरता पण धरता येईल इतक्या जवळून चालायची.

अंघोळ तीच घालायची. चाळीस वर्षांत दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत आले होते. आता मोरीतल्या त्या खुर्चीवर उघडाबोडका बसलेला संगप्पा मान वर करायचा नाही, आणि ती त्याची पाठ चोळता चोळता काहीबाही बोलत राहायची, बहुतेक त्याची लाज जावी म्हणून. माहेरच्या विहिरीचं, काशम्माच्या सासूचं. हळूहळू तोही बोलायला लागला. पुढंपुढं अंघोळीला अर्धा तास लागायला लागला. पाणी निवायचं, ती चुलीवरचं आणखी आणायची.

अशाच एका सकाळी ती पोराबद्दल बोलली. काशम्माच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. अडीच महिन्यांचा होऊन गेला. त्या वेळी संगप्पा माल आणायला बाहेरगावी होता, तिसऱ्या दिवशी परतला. तोवर पोराला पुरून झालं होतं. परत आल्यावर तो दुकानात जाऊन बसला आणि त्या पोराचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

"त्याला मांडीवर घेऊन बसले हुते मी," मल्लव्वा म्हणाली. "घर भरलं हुतं माणसांनी. पर माज्या शेजारची जागा रिकामीच हुती."

संगप्पा भिंतीकडं तोंड करून बसला होता. तसाच म्हणाला, "मला लई भ्या वाटलं हुतं. म्हून दुकानात जाऊन बसलो."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली आणि त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचे नंदीध्वज निघाले, तेव्हा तो काठीच्या आधारानं पेठेच्या तोंडापर्यंत चालत गेला. इस्पितळातून आल्यावरचा त्याचा तो सगळ्यात लांबचा पल्ला. गर्दीतून ते उंच नंदीध्वज डुलत पुढं जाताना दोघांनी हात जोडले. परत येताना मल्लव्वा दोनदा थांबली. दम लागलाय म्हणाली. संगप्पा तिला हसला, की पाय माझा मोडलाय आणि थांबतेस तू. हे बोलणं पुढं त्याच्या मनातून कधी गेलं नाही.

फेब्रुवारीत तिच्या पायांना सूज यायला लागली. काशम्मा आली तेव्हा तिनं ते बघितलं आणि डॉक्टरांकडं चल म्हणून मागं लागली. ह्यांची काठी सुटू दे, मग जाऊ, असं मल्लव्वा म्हणाली.

एप्रिलात एका सकाळी सहा वाजून गेले तरी ती खाटेजवळ आली नाही. संगप्पानं वाट बघितली, हाक मारली, मग आपणच काठी घेऊन उठला. ती चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. चूल पेटलेली होती. हंड्यातलं पाणी उकळत होतं. हात लावून बघायला त्याला खाली वाकता येईना. त्यानं काठीच्या टोकानं तिच्या पायाला हळूच स्पर्श केला, आणि मग शेजारच्या दुकानातल्या तिप्पण्णाला हाका मारत दुकानाच्या दारापर्यंत गेला.

दुधनीला निरोप गेला. दुपारी काशम्मा आणि ईश्वरप्पा आले. लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि बसलेलंच पुरतात. बायकांनी मल्लव्वाला अंघोळ घातली, हिरवं इरकल नेसवलं, कपाळभर विभूती लावली, लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत भिंतीशी बसवलं. डोकं कलू नये म्हणून कपाळावरून एक पट्टी घेऊन मागच्या खुंटीला बांधली. ती पूजेला बसल्यासारखी दिसत होती.

संगप्पाला तिच्या जवळ खुर्ची दिली. आलेगेले सगळे खाली बसले होते, तो एकटाच वर. त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होता तो भांग आणि पट्टीची गाठ. त्यानं काशम्माला सांगितलं, मला खाली बसू द्या. ती रडत म्हणाली, "अप्पा, डॉक्टरांनी काय सांगितलंय? अव्वा असती तर तुमास्नी बसू दिली नसती." ते खरंच होतं.

चारच्या सुमारास ईश्वरप्पा विधीसाठी स्वामींना आणायला गेला. बाहेर पुरुष तिला बसवून न्यायची पालखी सजवायला लागले. काशम्मा आत गेली. खोलीत दोन-तीन म्हाताऱ्या तेवढ्या होत्या, त्यांचं ध्यान भजनात. संगप्पानं काठी खुर्चीला टेकवली, भिंतीवर दोन्ही हात ठेवले आणि हळूहळू खाली सरकला. निम्म्यावर आल्यावर उजवा पाय दुमडून आत वळला. खुब्यात काहीतरी सरकल्याचं त्याला ऐकू आलं, आणि मग कळ आली ती डोळ्यांपुढं अंधार करणारी. तो तसाच खाली आला. पाय कसाही पडला होता. त्यानं त्याच्यावर धोतराचा सोगा ओढला आणि पाठ भिंतीला लावली. त्याचा खांदा मल्लव्वाच्या खांद्याला लागला.

काशम्मा परत आली तेव्हा तो खाली बसलेला होता. ती घाबरली. बरे आहात का, असं तिनं पुन्हा पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "बरा हाय. बसू दे." त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता, ओठ पांढरे पडले होते. सगळ्यांना वाटलं, दुःख आहे. पाऊण तास तो तसा बसून होता. हूं की चूं केलं नाही. सांगितलं असतं तर त्याला तिथून उचललं असतं. एवढंच त्याला कळत होतं.

मधे एकदा त्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. लुगड्याला पेटीतल्या कापराचा वास येत होता. तिच्याशी काही बोलावं असं त्याला वाटलं, पण कळ इतकी होती की तोंड उघडलं असतं तर ओरडच आली असती.

स्वामी आले. विधी झाले. मल्लव्वाला उचलायची वेळ आली तेव्हा ईश्वरप्पानं सासऱ्याला आधी उठवायला काखेत हात घातला. संगप्पा उठला नाही. पुन्हा ओढलं तेव्हा त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून बाहेरची माणसं आत आली. ईश्वरप्पानं धोतर बाजूला केलं. उजवा पाय आखूड झाला होता आणि गुडघा आत वळला होता.

उन्हाळ्याचे दिवस, स्वामी आलेले, पालखी दारात. थांबता येण्यासारखं नव्हतं. तिला आधी न्या, माझं मग बघू, असं संगप्पा म्हणाला. पालखी उंबऱ्याबाहेर गेली, भजनाचा आवाज गल्लीतून लांब गेला. मग तिप्पण्णानं आणि आणखी दोघांनी त्याला खाटेवर घेतलं, खाटेसकट उचललं आणि दुकानाच्या हातगाडीवर ठेवून इस्पितळाकडं नेलं. ईश्वरप्पा तिच्याबरोबर गेला होता. काशम्मा कुणाबरोबर जावं हे न कळून पेठेच्या तोंडाशी उभी राहिली, आणि शेवटी बापाच्या गाडीमागं धावत आली.

मल्लव्वाला माती दिली तेव्हा तो गुंगीच्या औषधात होता. डॉक्टरांनी ओढून गोळा परत खोबणीत बसवला आणि पुन्हा वजन बांधलं, तीन आठवडे. ते संगप्पाला रागावणार होते, पण काशम्मानं सगळं सांगितल्यावर त्यांचा राग विरला. खाटेजवळच्या स्टुलावर थोडा वेळ बसून गेले.

या खेपेला त्यानं बरं व्हायला घेतलंच नाही. घरी आल्यावर काशम्मा दीड महिना राहिली. ती सकाळी कुबड्या घेऊन यायची, तो भिंतीकडं कूस वळवायचा. तिनं मनधरणी केली, रागावली, एकदा अन्न सोडलं. तो एवढंच म्हणाला, की बाई, मला चालून जायचंय कुटं. तिलाही सासर होतं, लेकरं होती. शेवटी तिनं त्याला दुधनीला न्यायचं ठरवलं आणि दुकानातला माल तिप्पण्णाला द्यायची बोलणी झाली.

जायच्या आदल्या दिवशी त्यानं आपणहून कुबड्या मागितल्या. ईश्वरप्पाला म्हणाला, मला रुद्रभूमीत घेऊन चल, तिला माती दिली तिथं. टांग्यानं गेले. फाटकापासून आत जायला पन्नास-साठ पावलं होती, ती चालायला त्याला बराच वेळ लागला. ईश्वरप्पानं जागा दाखवली. पावसाच्या दोन सरी होऊन गेल्या होत्या आणि मातीवर बारीक गवत आलं होतं.

"तोंड कुटल्या अंगाला हाय?" त्यानं विचारलं.

ईश्वरप्पानं हात केला. संगप्पा कुबड्या टेकत वळसा घालून त्या बाजूला गेला आणि तिच्या समोर उभा राहिला. खाली बसता येत नव्हतं. वाकून मातीला हात लावता येत नव्हता. ईश्वरप्पानं थोडी माती उचलून त्याच्या तळहातावर ठेवली. ती मुठीत धरून तो उभा राहिला. पाय थरथरायला लागला तरी हलला नाही.

"तुला पुरलं तवा मी न्हवतो," तो तिला म्हणाला. "पोराला पुरलं तवाबी न्हवतो."

मग त्यानं माती परत जागेवर सोडली, हात धोतराला पुसला आणि ईश्वरप्पाला सांगितलं, की पाय दुखतोय, टांगा जवळ आणायला सांग.