लागतंय का?

मी दातांच्या दवाखान्यातला निळा कागद. बोटभर लांब, बोटाहून अरुंद पट्ट्यांची माझी छोटी पुस्तिका आहे आणि माझ्या दोन्ही अंगांना शाई आहे. पण माझ्याकडून कुणी कधी अक्षर लिहून घेतलं नाही. दाढ भरून झाली की माझी एक पट्टी फाडून दातांमध्ये धरतात आणि म्हणतात, ‘चावा.’ जिथं दात दाताला जास्त टेकतो तिथं मी गडद डाग पाडतो. तेवढं घासायचं, पुन्हा मला धरायचं, डाग फिका होईपर्यंत.

कुठल्याशा कारखान्यात मला शाई लावली, कापलं आणि श्रीगोंद्याला हर्षल डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टर हुशार, हात हलका. सुरुवातीला माझी प्रत्येक पट्टी उजेडात धरून बघायचे. मग दवाखाना चालायला लागला, बाहेरच्या खुर्च्या भरायला लागल्या आणि त्यांना माझ्याऐवजी माणसालाच विचारायची सवय लागली. विचारलं की झालं! घासत बसायला वेळ जातो ना.

अशात काष्टीहून बनुबाई आल्या, सुनेला घेऊन. डावीकडच्या दाढा कधीच गेलेल्या. उजवीकडं चावायला खालची एकच दाढ उरली होती आणि तीही किडलेली.

“डॉक्टर, एवढी वाचवा,” त्या म्हणाल्या. “हिच्यावरच भाकरी खाती मी. कुस्करून खायची येळ आनू नका.”

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, कीड कोरली, दाढ भरली. काम सुरेख झालं, फक्त किंचित उंच राहिलं. मला मध्ये धरलं. बनुबाई चावल्या आणि माझ्या पट्टीला आरपार भोक पडलं, इतका त्या एका जागी दाब! भोकाभोवती गडद डाग. मी आणखी काय करायला हवं होतं?

तेवढ्यात फोन वाजला. तो खांद्यानं कानाशी दाबून धरत डॉक्टरांनी विचारलं, “लागतंय का?”

त्यांना म्हणायचं होतं, दाढ वरच्या दाढेला जास्त टेकतेय का. बनुबाईंना वाटलं, दुखतंय का विचारतायत. ठेच बसल्यावरही आपण ‘लागलं का’ असंच विचारतो की. आणि त्यांचा अर्धा जबडा तर बधिर होता.

“न्हाई बा,” त्या वाकड्या ओठांनी म्हणाल्या. “काईच लागत न्हाई.”

“छान!” माझी पट्टी न बघताच कचऱ्यात गेली.

पंधरा दिवसांनी त्या परत आल्या, गाल सुजलेला. सून पूजाच बोलली, “पहिल्याच घासाला कळ मस्तकात गेली. दवाखान्यात चला म्हनलं, तर म्हनत्यात, मीच लागत न्हाई म्हनले, आता कोनत्या तोंडानं जाऊ?”

डॉक्टरांनी आत बघितलं. दाढ उभी चिरली होती. काढण्यावाचून इलाज नव्हता.

“आजी, मी विचारलं होतं ना? तुम्हीच म्हणालात, लागत नाही.”

बनुबाईंनी मान खाली घातली. “व्हय. माजंच चुकलं, डॉक्टर.”

मी ट्रेमध्ये पडल्या पडल्या चडफडत होतो. खरं काय ते मी तेव्हाच सांगितलं होतं, पण माझ्याकडं बघितलंच कुणी नाही. दाढ काढून झाली आणि कापसाचा बोळा दातांत धरून, डॉक्टरांना हात जोडून बनुबाई गेल्या. चूक एकाची आणि माफी मागितली दुसरीनं! त्या दिवशी मला कुणी हात लावला नाही. दाढच नाही म्हटल्यावर डाग कशावर पाडणार?

आता माझ्या दोन-तीन पट्ट्या उरल्यात. त्या संपल्या की रिकामं कव्हर कचऱ्यात जाईल, त्याचं मला काही नाही. तुम्हाला एवढंच सांगतो, ओठ बधिर असताना कुणी ‘लागतंय का’ विचारलं, तर हो म्हणू नका, नाही म्हणू नका. ‘डॉक्टर, कागद बघा’ म्हणा. नाहीतर तुमचंच उत्तर एक दिवस तुमच्या गळ्यात बांधतील, आणि तुम्हालाही ते खरं वाटेल.