हालवरचं शिखर

हालवरचं शिखर नकाशावर मीच चढवलं आणि खोडायची पाळीही माझ्यावरच आली. करावं तसं भरावं, दुसरं काय.

बेचाळीस वर्षांपूर्वी अंटार्क्टिकात हालवर आणि मी, आम्ही दोघं मोजणीला होतो. हालवर बर्फाच्या भेगेत गेला. दोराचं तुटकं टोक तेवढं वर आलं, तो नाही. मग आठ दिवस धुकं. ते फाटलं तेव्हा भेगेच्या वर एक काळा सुळका दिसला, नकाशात नसलेला. मी कोन मोजले, उंची काढली, आणि नॉर्वेत, ट्रोम्सोला परतल्यावर नावांच्या समितीपुढे हालवरचं नाव ठेवलं. जिवंत माणसाचं नाव डोंगराला देत नाहीत, असा नियम आहे. हालवर नियमात बसला.

गेल्या महिन्यात उपग्रहाची छायाचित्रं आली. नकाशावर दोन डोंगर आहेत, प्रत्यक्षात तिथे एकच आहे, आणि १९३१ साली उत्तरेकडून आलेल्यांनी त्याला ब्रेव्हिकचं नाव देऊन ठेवलंय. मी दक्षिणेकडून पाहिला आणि, शहाणा मी, नवा समजलो. एका डोंगराला दोन नावं चालत नाहीत. आधीचं राहतं.

"हालवरच्या बायकोला पत्र पाठव की," ऑफिसातली सिग्ने म्हणाली. "या वयात बोटीचा प्रवास कशाला?"

"वय काढू नकोस," म्हटलं, आणि बोट पकडली.

हालवरच्या बायकोने, बोरघिल्डने, कॉफी ओतली, वॅफल्सवर तपकिरी चीज ठेवलं. तिच्याकडे नवऱ्याचं थडगं नाही. दर वर्षी त्या तारखेला ती भिंतीवरच्या नकाशाखाली मेणबत्ती लावते आणि नातवंडांना बोट ठेवून दाखवते, आजोबा इथे आहेत.

मी सगळं सांगितलं. लाज वाटायला हवी होती, पण काहीच वाटेना. आतून सगळं बधिर झालं होतं.

"तुला कुणी विचारलं होतं?"

"नाही."

"मग गप्प बसायला काय झालं होतं?"

"नवा नकाशा निघतोय, बोरघिल्ड. नातवंडं शोधतील आणि सापडणार नाही."

तिने कपात साखर ढवळली. "हा ब्रेव्हिक कोण?"

"व्हेलच्या तेलाचा व्यापारी. जहाजाचा खर्च त्याने केला होता."

"स्वतः गेला होता तिकडे?"

"कधीच नाही. घरी गेला, अंथरुणात."

"थडगं असेल मग त्याला."

"आहे. चर्चच्या दारातच, मोठं."

"बरंय त्याचं," ती म्हणाली. रागही नव्हता आवाजात. "मग आता हालवर कुठे आहे?"

"होता तिथेच."

"तिथे म्हणजे कुठे? पोरांना काय सांगू?"

ती थांबली होती, उत्तर घेतल्याशिवाय सोडणार नव्हती.

"ब्रेव्हिक शिखराच्या पायथ्याशी," मी म्हणालो.

ती ते नाव दोनदा पुटपुटली, खालच्या मजल्यावर आलेल्या नव्या भाडेकरूचं नाव पाठ करावं तशी.

"पुन्हा एकदा सांग," ती म्हणाली. "हल्ली माझ्या लक्षात राहत नाही."

मी पुन्हा सांगितलं.